सोनोग्राफीचा पदवीनंतरचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम (अमेरिका) : आखणी

आधीच पदवीधर असलेल्या विद्यार्थ्याला रोगनिदानासाठी सोनोग्राफी करणारा तंत्रज्ञ, म्हणजेच सोनोग्राफर, म्हणून तयार करणारा अमेरिकेतील व्यावसायिक शिक्षणक्रम. मुदत साधारणपणे १२ ते २४ महिने. विद्यापीठे, कम्युनिटी कॉलेजे आणि काही रुग्णालयांच्या शाळा तो चालवतात. पहिली पदवी कोणत्या विषयाची आहे याला फारसे महत्त्व नसते. प्रवेशासाठी लागणारे विज्ञानाचे विषय मात्र पूर्ण झालेले असावे लागतात. मुदत थोडी आणि रुग्णांवरचा सराव अनिवार्य, त्यामुळे कोणता विषय कोणत्या सत्रात घ्यायचा यावर या शिक्षणाचे यश बरेचसे ठरते.

सोनोग्राफरची जबाबदारी

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी तपासणी सोनोग्राफर करतो आणि अंतिम रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट, हृदयरोगतज्ज्ञ किंवा प्रसूतितज्ज्ञ देतो. सीटी स्कॅनमध्ये शरीराचा ठरलेला पट्टा यंत्र सलग टिपते. सोनोग्राफीत प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारे व टिपणारे हातातले साधन, कुठे टेकवायचा, किती कलवायचा, कोणती प्रतिमा जतन करायची हे तपासणाऱ्याचा हात ठरवतो. जिथे प्रोब फिरलाच नाही, तिथली गाठ डॉक्टरांच्या पडद्यावर येत नाही आणि रिपोर्टमध्येही नाही. म्हणून या अभ्यासक्रमातील प्रत्येक विषयाची कसोटी एकच : त्यातून रुग्णाची तपासणी अधिक पूर्ण होते का?

पार्श्वभूमी

स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुथ हर्ट्झ यांनी १९५३ मध्ये हृदयाचे प्रतिध्वनी टिपले. ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी जॉन मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राउन यांच्यासह १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पोटातील गाठींच्या तपासणीवर निबंध प्रसिद्ध केला. अमेरिकेत या तंत्रज्ञांची संघटना १९७० मध्ये उभी राहिली. पुढे अमेरिकन मेडिकल असोसिएशनने हा स्वतंत्र व्यवसाय मानला आणि १९७५ मध्ये परीक्षा घेणारी ‘अमेरिकन रजिस्ट्री फॉर डायग्नोस्टिक मेडिकल सोनोग्राफी’, संक्षेपाने एआरडीएमएस, स्थापन झाली. शिक्षणक्रमांना मान्यता देण्याचे काम १९९४ पासून ‘केहेप’ या नावाने ओळखला जाणारा आयोग करतो.

प्रवेशपूर्व विषय

बीजगणित किंवा संख्याशास्त्र, भौतिकी, मानवी शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र, वैद्यकीय परिभाषा आणि संवादकौशल्य हे विषय बहुतेक ठिकाणी लागतात. अनेक संस्था त्यांत ठरावीक किमान श्रेणी मागतात आणि विज्ञानाचे विषय ठरावीक वर्षांपेक्षा जुने असल्यास ते पुन्हा करायला सांगतात. म्हणून आखणीची सुरुवात जुन्या गुणपत्रिका पुढे घेऊन होते : कोणता विषय चालेल, कोणता पुन्हा करावा लागेल, कोणता मुळातच राहिला आहे. शरीररचना आणि भौतिकी एकाच सत्रात रेटण्यापेक्षा शरीररचना प्रवेशाच्या लगत ठेवणे सोयीचे. ती ताजी असेल तर छेदशरीररचना, म्हणजे अवयवांचे आडवे-उभे काप ओळखणे, लवकर जमते.

गणित मागितले जाते याचे कारण डॉपलर तपासणीत दिसते. रक्ताचा वेग काढताना ध्वनिशलाका आणि रक्तप्रवाह यांतील कोनाची कोज्या (कोसाइन) भाजकात येते. खरा कोन ६० अंश असताना विद्यार्थ्याने तो ६५ धरला, तर वेग सुमारे १८ टक्के जास्त दिसतो. खरा कोन ३० असताना तेवढीच चूक केवळ ६ टक्के फरक पाडते. ८० अंशांवर मात्र तीच चूक वेग जवळजवळ दुप्पट दाखवते. मानेतील कॅरोटिड धमनी किती अरुंद झाली आहे हे मुख्यतः या वेगावरून ठरत असल्याने कोन ६० अंशांच्या आत ठेवण्याचा दंडक विद्यार्थ्याच्या अंगवळणी पाडला जातो.

सत्रांची रचना

पहिले सत्र : ध्वनिभौतिकी व यंत्रपरिचय, छेदशरीररचना, रुग्णसेवा आणि प्रयोगशाळेतील सराव. मऊ ऊतींत ध्वनीचा सरासरी वेग सेकंदाला १,५४० मीटर धरला जातो. १० सेंटिमीटर खोलीवरचा प्रतिध्वनी सुमारे १३० मायक्रोसेकंदांत परततो. वारंवारता वाढवली की बारकावे उमटतात, पण ध्वनी लवकर क्षीण होतो : दर सेंटिमीटरला, दर मेगाहर्ट्झमागे सुमारे अर्धा डेसिबल. थायरॉइडसाठी १० मेगाहर्ट्झच्या पुढचा आणि यकृतासाठी ३ ते ५ मेगाहर्ट्झचा प्रोब का, हे इथे उलगडते. भौतिकी आणि प्रयोगशाळा एकाच सत्रात असाव्यात. सकाळी वर्गात शिकलेला ‘गेन’, म्हणजे प्रतिध्वनी वाढवून दाखवण्याचे प्रमाण, दुपारी स्वतःच्या हाताने कमी-जास्त केला तर तो समजतो. काही महिन्यांनी केला तर नुसता पाठ राहतो.

दुसरे सत्र : पोटाची सोनोग्राफी, स्त्रीरोगविषयक तपासणी आणि रुग्णालयातील पहिली पाळी. पित्ताशयाचीच तपासणी घ्या. रुग्ण काही तास उपाशी असतो, नाहीतर पित्ताशय आकसलेले दिसते. खडा ठळक पांढरा उमटतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवले की खडा सरकतो. पॉलिप, म्हणजे भिंतीला चिकटलेली वाढ, जागचा हलत नाही. पित्ताशयाच्या मानेत अडकलेला खडाही हलत नाही आणि दुखण्याचे मूळ बहुधा तिथेच असते, म्हणून मान दिसेपर्यंत तपासणी संपत नाही. ही चिकाटी रुग्णासमोर, अनुभवी सोनोग्राफरच्या शेजारी उभे राहूनच अंगी येते.

तिसरे सत्र व पुढे : गर्भावस्थेतील तपासणी, रक्तवाहिन्या, थायरॉइड, स्तन, अंडकोष इत्यादी लहान अवयव, आणि वाढती क्लिनिकल पाळी. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, हा सहसा स्वतंत्र प्रवाह असतो. पोट-प्रसूती, रक्तवाहिन्या की हृदय, ही निवड प्रवेशाआधी करावी लागते. गर्भाच्या बाबतीत ध्वनीची मात्रा कामापुरती आणि शक्य तेवढी कमी ठेवण्याचे तत्त्व, तसेच पडद्यावरचे औष्णिक व यांत्रिक निर्देशांक वाचण्याची सवय, सुरुवातीपासून लावली जाते.

क्लिनिकल पाळी आणि शरीराची काळजी

शेवटच्या सत्रांत विद्यार्थी आठवड्याचे बहुतेक दिवस रुग्णालयात असतो. नेमलेले केंद्र घरापासून दूर असू शकते, म्हणून प्रवासाचा वेळ आणि खर्च आखणीत धरावा लागतो. पूर्ण वेळेच्या नोकरीशी या सत्रांचा मेळ बसत नाही. लसीकरण, जीवरक्षक प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र आणि पार्श्वभूमी-तपासणी आधीच पूर्ण लागते. खांदा, मान आणि मनगटाचे दुखणे हा या व्यवसायाचा मोठा धोका आहे. दंड शरीरापासून ३० अंशांपेक्षा जास्त न उचलणे, रुग्णाला पलंगाच्या कडेला जवळ घेणे, प्रोब घट्ट न आवळणे हे पहिल्या दिवसापासून शिकवले, तर पुढे हाच हात अनेक वर्षे काम देतो. शरीराच्या योग्य ठेवणीचा हा पाठ आखणीत वगळला जाता कामा नये.

नोंदणी परीक्षा

एआरडीएमएसची नोंदणी मिळण्यासाठी दोन परीक्षा लागतात : ध्वनिभौतिकी व यंत्र यांची एक आणि निवडलेल्या शाखेची दुसरी. गुण ३०० ते ७०० या पट्टीवर दिले जातात. उत्तीर्ण होण्यास ५५५ लागतात. दोन्ही परीक्षा पाच वर्षांच्या आत उत्तीर्ण व्हाव्या लागतात. भौतिकीची परीक्षा तो विषय संपताच, शिक्षण चालू असतानाच देणे हिताचे. केहेपची मान्यता असलेल्या शिक्षणक्रमाच्या पदवीधरांना परीक्षेची वाट सरळ असते. मान्यता नसलेल्या ठिकाणी शिकलेल्या पदवीधराला बहुतेकदा १२ महिन्यांचा पूर्णवेळ अनुभव दाखवावा लागतो : आठवड्याला ३५ तासांप्रमाणे ४८ आठवडे, म्हणजे १,६८० तास. नोंदणीशिवाय नोकरी मिळणे कठीण आणि नोकरीशिवाय अनुभव मिळत नाही, या कोंडीत अनेक जण सापडतात. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी शिक्षणक्रमाची मान्यता, आणि ती नेमक्या कोणत्या शाखेसाठी आहे, हे पाहणे ही आखणीतील सर्वांत महत्त्वाची पायरी होय. ओरेगन आणि न्यू मेक्सिकोसारख्या मोजक्या राज्यांत याखेरीज राज्याचा परवानाही लागतो.

भारतीय पदवीधर

महाराष्ट्रातून जाणाऱ्या बी.एस्सी., बी.फार्म. किंवा फिजिओथेरपीच्या पदवीधरांना भारतीय पदवीचे समकक्षता-मूल्यमापन करून घ्यावे लागते. तीन वर्षांची पदवी अमेरिकी पदवीच्या बरोबरीची धरली जाईलच असे नाही, म्हणून हे काम अर्जाच्या बरेच आधी उरकावे.

परत येऊन काम करण्याचा विचार असेल, तर कायद्यातील फरक आधीच समजून घेणे आवश्यक आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्यपातळीवरचा पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा असून तो १९९६ पासून अमलात आला. मुलींच्या गर्भांची हत्या रोखण्यासाठी केलेल्या या कायद्यानुसार गर्भवतीची सोनोग्राफी नोंदणीकृत केंद्रात, विहित पात्रता असलेल्या डॉक्टरनेच करायची असते. एम.बी.बी.एस. डॉक्टरांसाठी २०१४ च्या नियमांनी सहा महिन्यांचे प्रशिक्षण ठरवून दिले आहे. अमेरिकेत स्वतंत्रपणे प्रोब हाती घेणाऱ्या बिगरडॉक्टर सोनोग्राफरला तसे काम भारतात करता येत नाही. ज्याला भारतात परतायचे आहे, त्याने शाखा निवडतानाच ही मर्यादा हिशेबात घ्यावी.