मोजलेल्या रात्री

नववीच्या उर्दूच्या तासाला 'सराय' हा शब्द आला. एका मुलीने विचारले, "टीचर, सराय म्हणजे हॉटेलच ना?" मी सवयीने "होय" म्हटले आणि धडा पुढे नेला. त्याच रात्री दुबईहून धाकट्या भावाचा फोन आला आणि मला माझे ते "होय" खटकू लागले.

भाऊ मोठे जनरेटर दुरुस्त करतो. महिन्यातले पंधरा-वीस दिवस तो कधी मस्कतला असतो, कधी दोह्याला, कधी कुवेतला. हॉटेलचे बिल कंपनी भरते, पण मुक्कामाचे पॉइंट त्याच्या नावावर जमा होतात. "आपा, रास अल खैमाला समुद्रकिनारी चार रात्री फुकट मिळतायत. राहणे, तिन्ही वेळचे जेवण, चहा-सरबत, पोहणे, सगळे त्यातच. अम्मीला आणतो. तुम्ही फक्त तिला राजी करा."

फुकट हा शब्द इतिहास शिकणाऱ्या माणसाला स्वस्थ बसू देत नाही. म्हणून शोधत गेले.

सरायचा इतिहास जुना आहे. तेराव्या शतकात सेल्जुक सुलतानांनी आणि त्यांच्या वजिरांनी अनातोलियात, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, व्यापारी रस्त्यांवर एकेका दिवसाच्या मजलेवर दगडी सराया बांधल्या. वाटसरूला तिथे तीन दिवस मोफत राहता येई. कैसेरीजवळची करताय सराय बांधणारे जलालुद्दीन करताय हे स्वतः एके काळी गुलाम होते. त्यांच्या वक्फनाम्यात आलेल्या प्रत्येकाला अन्न देण्याची तरतूद आहे, मग तो मुसलमान असो वा नसो, स्वतंत्र असो वा गुलाम. खर्च वक्फच्या जमिनींच्या उत्पन्नातून होई. आपल्याकडे औरंगाबादला बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यातली पाणचक्की पाहा. तिथे दळलेले पीठ फकिरांच्या आणि वाटसरूंच्या भाकरीसाठी होते. तुम्ही याआधी किती वेळा येऊन गेलात, हे तिथे कोणी विचारत नसे.

पॉइंटची गोष्ट वेगळ्या मुळातून आली. 1896 साली अमेरिकेत स्पेरी आणि हचिन्सन या दोघांनी हिरव्या तिकिटांचा धंदा काढला. दुकानदार खरेदीच्या प्रमाणात तिकिटे देई, गिऱ्हाईक ती वहीत चिकटवी आणि वह्या भरल्या की वस्तू मिळे. पुढे 1978 मध्ये तिथल्या विमान कंपन्यांवरचे सरकारी नियंत्रण उठले, भाड्यांची चढाओढ लागली आणि 1 मे 1981 रोजी अमेरिकन एअरलाइन्सने वारंवार उडणाऱ्यांच्या मैलांची नोंद ठेवणारी योजना सुरू केली. 1983 मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट या हॉटेल कंपन्यांनीही तोच मार्ग धरला.

यातली खरी मेख अशी की, कामासाठी फिरणाऱ्या माणसाचे बिल त्याचा मालक भरतो, पण कुठे उतरायचे हे बहुधा तो माणूस ठरवतो. म्हणून बक्षीस मालकाला नाही, त्या माणसाला द्यायचे. दहा रुपये स्वस्त असलेले शेजारचे हॉटेल मग त्याला दिसत नाही.

सगळे एकाच दरात देणाऱ्या किनाऱ्यावरच्या सुट्टीचा उगम मात्र मला हलवून गेला. जेरार्ड ब्लिट्झ हा बेल्जियमचा वॉटरपोलो खेळाडू. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून वाचलेल्यांना पुन्हा माणसांत आणण्यासाठी चालवलेल्या केंद्राचे काम त्याने पाहिले होते. ऊन, समुद्र, खेळ आणि एकत्र जेवण यांनी माणूस बरा होतो, हे त्याला उमगले. 1950 मध्ये त्याने स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदियाला तंबूंची वसाहत उभारली. तंबू पुरवणारा जिल्बेर त्रिगानो पुढे त्याचा भागीदार झाला. हीच क्लब मेड. एकदा पैसे भरले की खिशात हात घालायचा नाही. पेयांचे तेवढे वेगळे, त्यासाठी गळ्यातले मणी मोजून द्यायचे. पुढे जमैकाने पेयेही त्यात धरली. बुच स्टुअर्ट यांनी माँटेगो बेला सँडल्स सुरू केले ते 1981 मध्येच, मैलांच्या योजनेच्याच वर्षी.

या दोन वाटा एकत्र यायला बराच काळ गेला. हयातने 2013 मध्ये मेक्सिकोत अशा किनारी हॉटेलांना आपले नाव दिले. 2019 मध्ये मॅरियटही या धंद्यात उतरली. 2021 मध्ये हयातने याच धंद्यातली अॅपल लेझर ग्रुप ही कंपनी 270 कोटी डॉलरला विकत घेतली. कामाच्या रात्रींची कमाई कुटुंबाच्या सुट्टीवर खर्च करण्याची सोय अशी वाढत गेली.

हिशेब कळल्यावर मी भावाला फोन केला. साध्या हॉटेलात पॉइंटवर फक्त खोली मिळते, इथे जेवणही मिळते, तेव्हा पॉइंटचे मोल इथे अधिक, हे त्याचे म्हणणे बरोबर होते. पण नियम नीट वाचले तर खोली दोघांपुरती होती. तो, त्याची बायको आणि तिसरी अम्मी. तिसऱ्या माणसाचे पैसे रोख भरावे लागणार होते. शिवाय पॉइंट बँकेतल्या ठेवीसारखे नसतात. एका रात्रीला किती लागतील हे कंपनी केव्हाही बदलते आणि बराच काळ खाते हलले नाही तर ते बुडतातही. "मग साठवून ठेवू नकोस," मी म्हटले. "आणि अम्मीचे पैसे आपण दोघे भरू."

अम्मीला समजावणे सोपे नव्हते. पहिला प्रश्न, "तिथे दारूही असते ना?" असते, आणि न पिणाऱ्याच्या दरातही ती धरलेली असते, हे मी लपवले नाही. आपण आपले सरबत घेऊ, असे म्हणाले. दुसरा प्रश्न, "फुकट कोण देतं?" मी पॉइंट म्हणजे काय ते सांगितले. बाहेर काढलेली प्रत्येक रात्र तिथे लिहिली जाते, तशा रात्री साठल्या की चार रात्री मिळतात. ती गप्प झाली. मग म्हणाली, "एवढ्या रात्री तो घराबाहेर होता?"

ती उठली आणि कपाटातून अब्बांची नळी काढून आणली. खलाशाच्या नोंदपुस्तिकेला आमच्याकडे नळी म्हणतात. जहाजावर कधी चढले, कधी उतरले, सगळे शिक्के त्यात आहेत. दहा-दहा महिन्यांच्या सफरी. मुंबईला आले की डोंगरीत जमातीच्या खोलीत पथारी आणि ट्रंक ठेवायची, गावची एसटी मिळेपर्यंत तिथेच राहायचे. त्यांच्याही रात्री मोजल्या गेल्या होत्या, पण त्या पुस्तिकेवर अम्मीला कधी कुणी समुद्रकिनारा दाखवला नाही. जन्म कोकणात काढलेल्या माझ्या आईने समुद्र पाहिला तो माणूस नेणारा म्हणून.

"सांग त्याला, येते," ती म्हणाली. "पण चार दिवस त्याने फोनवर काम करायचं नाही. त्या रात्री आधीच देऊन झाल्यात."

भावाने ते कबूल केले आहे. मेच्या सुट्टीत अम्मीला विमानात बसवून द्यायचे काम माझ्याकडे आहे. शाळा उघडली की त्या मुलीला माझे उत्तर दुरुस्त करून सांगायचे आहे.