बुद्धिबळाच्या पटावरील गहू

बुद्धिबळाचा खेळ शोधून काढणाऱ्या सिस्सा बिन दाहिरची गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी घरी ऐकली असेल. हिंदुस्थानच्या राजाने बक्षीस देऊ केले तेव्हा त्याने मागितले काय, तर पटाच्या पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, आणि असे चौसष्टाव्या घरापर्यंत दुप्पट करीत जावे. राजाला ही मागणी क्षुल्लक वाटली. हिशेब झाल्यावर राज्यातील सारी कोठारे अपुरी ठरली. कथा ही दंतकथाच होय, परंतु तिच्यातील संख्या पक्की आहे: १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५. आजच्या साऱ्या जगाचा गहू हजार वर्षे साठविला तरी एवढे दाणे भरणे कठीण.

दमास्कसचे काझी इब्न खल्लिकान (१२११–१२८२) यांनी आपल्या प्रसिद्ध चरित्रकोशात ही कथा देताना प्रांजळपणे लिहिले आहे की, हे त्यांना खरे वाटत नव्हते. पुढे इस्कंदरियाच्या एका हिशेबनिसाची गाठ पडली. त्याने कागदावर मांडून दाखविले: सोळाव्या घरात ३२,७६८ दाणे येतात, त्यांचे एक माप धरा. मग मापे दुप्पट करीत जा. मापांची कोठारे होतील, १,०२४ कोठारांचे एक शहर होईल, आणि शेवटच्या घरात अशी १६,३८४ शहरे येतील! एवढ्या विद्वान काझींनी आपली शंका लपविली नाही आणि हिशेब पाहताच ती सोडूनही दिली, हे मला त्या संख्येइतकेच मोलाचे वाटते.

याच्या सुमारे अडीचशे वर्षे आधी, इ. स. १००० च्या सुमारास, अल्बेरुनी यांनी ‘अल्-आसारुल बाकिया’ या ग्रंथात हीच संख्या काढली होती. तेव्हा त्यांचे वय अवघे सत्तावीस. त्रेसष्ट वेळा दुप्पट करण्याचा खटाटोप त्यांनी टाळला. पाचव्या घरात १६ दाणे. त्याचा वर्ग २५६, तो नवव्या घराचा आकडा. २५६ चा वर्ग ६५,५३६, तो सतराव्याचा. त्याचा वर्ग ४,२९,४९,६७,२९६, तो तेहतिसाव्याचा. आणखी एकदा वर्ग केला की पासष्टाव्या, म्हणजे पटावर नसलेल्या, घराचा आकडा मिळतो. त्यातून एक वजा केला की चौसष्ट घरांची बेरीज झाली. कारण कोणत्याही घराचा आकडा त्याच्या आधीच्या सर्व घरांच्या बेरजेहून एकाने अधिक असतो. सहाव्या घरातील ३२ घेऊन पडताळून पाहावे.

या वर्गांमुळेच संख्येचे अवयवही शालेय सूत्राने सुटतात. अ² − १ = (अ − १)(अ + १) हे सूत्र पुनःपुन्हा वापरले की उत्तर येते: ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ × ४,२९,४९,६७,२९७. पहिले पाच अवयव मूळ संख्या आहेत. सहावाही मूळच असावा, असे सतराव्या शतकात फ्रान्सचे थोर गणिती फर्मा मानीत होते. १७३२ साली ऑयलर यांनी तो फोडून दाखविला: ६४१ × ६७,००,४१७. विद्यार्थी मित्रांनी हा गुणाकार वहीत करून पाहावा. अर्धे पान पुरते.