नांगाराची पाइनवने: वाळूवर उभा राहिलेला पेच

१/ पश्चिम ऑस्ट्रेलियात लाकडाला तोटा नव्हता. जारा आणि कॅरी वृक्षांचे कठीण लाकूड रेल्वेच्या स्लीपरांसाठी तेथून परदेशी जात असे. उणीव होती ती फळ्या-खोक्यांना लागणाऱ्या मऊ लाकडाची. ते बाहेरून आणावे लागे.

२/ पर्थ शहराच्या उत्तरेस नांगारा भागात राखाडी, निकस वाळूचा विस्तीर्ण पट्टा होता. त्यावरचे बँक्सिया वृक्षांचे रान तोडून १९२०च्या दशकात तेथे भूमध्य समुद्राकडील पिनास्टर पाइनची लागवड सुरू झाली.

३/ पाइन परका होता आणि माती त्याला अनोळखी. रोपवाटिकांत रोपे पिवळी, खुरटी राहत. जुन्या रोपवाटिकेतील माती नव्या वाफ्यांत मिसळताच ती तरारत. वनप्रमुख स्टीफन केसेल यांनी १९२७ साली याची मीमांसा प्रसिद्ध केली: पाइनच्या मुळांशी सहजीवन करणारी बुरशी त्या मातीत नव्हती.

४/ बुरशी मिळाली तरी भूक उरलीच. वाळूत स्फुरद जवळजवळ नव्हते. सुपरफॉस्फेट द्यावे लागले. पुढे जस्ताचीही कमतरता उघड झाली आणि त्याची फवारणी सुरू झाली. सरळ खोडासाठी बियाणे पोर्तुगालमधील लेइरियाच्या किनारी वनातून निवडले गेले.

५/ अशा रीतीने वीस हजारांहून अधिक हेक्टरांवर पाइनवने उभी राहिली. पण त्याच वाळूखाली पर्थची तहान भागवणारा भूजलाचा साठा आहे. दाट पाइनवनात पावसाचा फार थोडा अंश खाली मुरतो. १९७०च्या दशकापासून पाऊसही घटला आणि भूजल उतरत गेले. अखेर पाइन तोडावेत व पुन्हा लावू नयेत, असे ठरले.

६/ तोवर पाइनला आश्रित मिळाला होता. कार्नबीचा काळा काकाकुवा केवळ ऑस्ट्रेलियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आढळतो. शेती आणि शहरांसाठी बँक्सियाची राने तुटत गेली, तसा तो पाइनची बोंडे फोडून बिया खाऊ लागला. आज ही जात संकटग्रस्त आहे आणि तिचे मोठे थवे याच वनांवर पोसले जातात.

७/ पाइन राखावा तर पाणी आटते. तोडावा तर पक्षी उपाशी राहतो. बँक्सियाचे रान पुन्हा लावता येते, पण ते बियांनी लगडण्यास वर्षे लागतात. काकाकुव्याची भूक मात्र रोजची असते.