शपथेविना घेतलेल्या जबान्या

१९१४ च्या ऑगस्टात बेल्जियममध्ये शिरलेल्या जर्मन फौजेविरुद्धच्या फिर्यादींची तहकीकात करण्यासाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या लॉर्ड ब्राइस यांच्या समितीने १,२०० हून अधिक जबान्या तपासल्या खऱ्या. परंतु त्या शपथेवर घेतलेल्या नव्हत्या, साक्षीदारांची नावे गुप्त होती आणि समितीने स्वतः एकाही साक्षीदाराची उलटतपासणी केली नव्हती. मे १९१५ च्या अहवालात म्हणूनच प्रत्यक्ष हत्याकांडांच्या शेजारी अंगच्छेदाच्या, पुढे शाबीत न झालेल्या कथाही बसल्या. युद्धानंतर त्या निराधार ठरताच अनेकांनी बेल्जियममधील दिनां या गावी जर्मन फौजेने केलेली ६७४ नागरिकांची कत्तलदेखील प्रचाराच्याच सदरात टाकली. हा दुसरा अन्याय मला अधिक दारुण वाटतो. कारण त्या मृतांची नावनिशीवार यादी उपलब्ध होती.