पत्रा ठोकणाऱ्याकडे गिऱ्हाईक कोण आणतं?

परवा एसटी स्टँडमागच्या एका गॅरेजवाल्यानं बोलावलं. डेंटिंग-पेंटिंगचा धंदा, वडिलांपासून चालत आलेला. म्हणाला, "पत्रकार, एक झकास जाहिरात लिहून द्या. फेसबुकला टाकायचीय. कामच येईना." देतो म्हणालो. पण घरी येऊन लिहायला बसलो आणि वेगळाच प्रश्न पडला. या धंद्यात गिऱ्हाईक जाहिरातीनं आलं होतं कधी? पोस्ट लांब होणार आहे, पण वाचा.

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. नव्या गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचा तो जमाना. त्यामुळे गाडी ठोकली तरी बदलायचा विषयच नसायचा, दुरुस्तच करायची. चेपलेलं मडगार्ड मिस्त्री डॉली आणि हातोड्यावर पुन्हा गोल करायचा. मग लांबी, घासकाम, रंग, पॉलिश. दारावर पेंटरनं रंगवलेली पत्र्याची पाटी, एवढीच काय ती जाहिरात.

खरी जाहिरात रस्त्यावर फिरायची. तालुक्याच्या गावात गाड्या मोजक्याच. डॉक्टरांची, वकिलांची, साखर कारखान्याच्या संचालकांची. डॉक्टरांच्या फियाटचा रंग जमला की आठवड्यात सगळ्या गावाला कळायचं कुणी केला ते. बिघडला तरी कळायचं! दुसरं गिऱ्हाईक ट्रकचं. हायवे गावातूनच जायचा. ट्रक कुठं लावायचा हे मालक नाही, ड्रायव्हर ठरवायचा. म्हणून ड्रायव्हरला चहा, जेवण, रात्री टेकायला बाज आणि जाताना थोडी चिरीमिरी. ती चिरीमिरी मालकाच्या बिलातच बसवलेली असायची, हेही सांगायला हवं.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत शिक्षक, दुकानदार, बागायतदार गाडीवाले झाले. पत्रा पातळ. जुन्या सवयीनं हातोडा बसला की ताणला जायचा. कारागिरांना नव्यानं शिकावं लागलं. गिऱ्हाईकही नवं होतं. त्याला मिस्त्रीचं नाव माहीत नव्हतं, त्याला खर्चाची धास्ती होती.

इथं विमा आला. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. १०७ विमा कंपन्यांचा कारभार चार सरकारी कंपन्यांत गोळा केला गेला. क्लेम म्हणजे फॉर्म, सर्व्हेअर, फोटो, बिल आणि मग चेकची वाट. सामान्य माणूस त्यात गोंधळायचा. ज्या मिस्त्रीनं "क्लेमचं मी बघतो" म्हटलं, त्याच्या दारात गाड्यांची रांग. या तीन शब्दांएवढी मोठी जाहिरात या धंद्यात दुसरी झाली नाही.

पण कीडही तिथंच लागली. जुना डेंट नव्या क्लेममध्ये घुसवायचा, जुन्याच पार्टला रंग मारून नव्याचं बिल लावायचं. सगळे करत नव्हते. बदनाम मात्र सगळे झाले. आणि गिऱ्हाईक त्यात सामील नव्हतं असंही नाही.

२००० नंतर खासगी विमा कंपन्या आल्या, पाठोपाठ कॅशलेस. आपला वाटा भरा, सही करा, गाडी घेऊन जा. पण ही सोय कंपनीच्या यादीतल्या गॅरेजला, आणि त्या यादीत बहुतेक शहरातल्या एजन्सीज. दरम्यान हायवे चौपदरी झाला, बायपास गावाबाहेरून गेला. ट्रकवाला तिकडून गेला, कारवाला टो होऊन शहरात गेला. स्टँडमागच्या गल्लीतल्या कितीतरी शेडना आज कुलपं आहेत.

२५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोकला होता. कारण, सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजला मिळू न देता ग्राहकाला बांधून ठेवलं. ते खुलं करा, आणि केवळ बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही आयोगानं बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या. आमच्या गल्लीत त्यानं एकही कुलूप उघडलं नाही.

म्हणजे गिऱ्हाईक आणणारा दर वेळी बदलला. आधी ड्रायव्हर, मग क्लेम, आता कंपनीची यादी. मिस्त्रीच्या हातात कायम एकच गोष्ट होती, विश्वास. तोही मधल्या काळात थोडा आपणच घालवला.

म्हणून मी जाहिरात अशी लिहून दिली: "कामाआधी लेखी अंदाजपत्रक. रंग देण्याआधी पत्र्याचे फोटो तुमच्या मोबाईलवर. काढलेला जुना पार्ट डिकीत परत. विमा कंपनीला द्यायचा असेल तर तिला. पक्कं बिल. सांगितलेल्या तारखेला गाडी. कॅशलेस नसलं तरी क्लेम करता येतो. आधी कंपनीला कळवा, सर्व्हे होऊ द्या, मग काम. बिल जोडून पैसे मागा. पॉलिसीतल्या अटी आम्ही तुमच्यासोबत बसून वाचू."

त्यानं दोनदा वाचली. म्हणाला, "हे सगळं करावं लागंल की मग!"

म्हटलं, "तीच जाहिरात आहे."

बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाकी सगळं ठेवा. तारखेचं तेवढं काढा. आमचा पेंटर अमावस्येला येत नाही."

तारीख मी काढलेली नाही. अमावस्या कॅलेंडरमध्ये छापलेली असते, ती बघून तारीख द्यावी.

तुमच्या गावात अशी गल्ली उरलीय का? शेवटचा डेंट तुम्ही कुठं काढला, आणि तिथंच का? कमेंटमध्ये लिहा.