प्रवेश अर्जातील धर्म आणि जात: बौद्ध विद्यार्थ्यांनी काय लिहावे?

दहावी-बारावीचे निकाल लागले की प्रवेश अर्ज भरताना बौद्ध घरांत एक प्रश्न हमखास निघतो. धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहिले तर सवलत जाईल का? आणि बौद्ध असताना जातीच्या रकान्यात पूर्वीची जात का लिहायची? पहिल्या प्रश्नामागे भीती आहे, दुसऱ्यामागे स्वाभिमान. दोन्हींचे उत्तर कायद्यात आहे.

भीती आली कुठून?

अनुसूचित जातींची यादी 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरली. त्यातील परिच्छेद 3 नुसार हा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरताच होता. 1956 मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला बाबासाहेबांनी नागपूरला लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली. धर्मांतरितांना महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण केंद्राचे दार बंदच राहिले. म्हणून अनेक कुटुंबांनी घरात बुद्धवंदना आणि कागदावर 'हिंदू' अशी तडजोड केली.

1990 मध्ये व्ही. पी. सिंग सरकारच्या काळात संसदेने परिच्छेद 3 मध्ये 'बौद्ध' हा शब्द घातला. तेव्हापासून अनुसूचित जातीतील व्यक्ती बौद्ध असली तरी तिचा दर्जा कायम राहतो. सवलतीसाठी 'हिंदू' लिहिण्याची गरज तेव्हाच संपली.

दोन रकाने, दोन प्रश्न

धर्माच्या रकान्यात 'बौद्ध' लिहावे. प्रवर्गात 'अनुसूचित जाती' निवडावे. जातीच्या रकान्यात जात प्रमाणपत्रावर जसा उल्लेख आहे तसाच करावा.

'बौद्ध' हे अनुसूचित जातींच्या यादीतील जातीचे नाव नाही. महाराष्ट्राच्या यादीत 37 व्या क्रमांकावर 'महार' आहे. धर्मांतरितांच्या प्रमाणपत्रात धर्मांतरापूर्वीची जात नोंदवली जाते ती याच कारणासाठी. ती तुमची ओळख नाही. पिढ्यान्‌पिढ्या झालेल्या अन्यायाची ती कायदेशीर नोंद आहे आणि तिच्यावरच हक्क उभा आहे.

कागदपत्रे आधी जमवा

• जात प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात. राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी जिल्हा जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. अकरावी-बारावीतच अर्ज करा.

• अनुसूचित जातीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा. आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला किंवा गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा शोधा. वडिलांच्या दाखल्यावर 'बौद्ध' आणि आजोबांच्या दाखल्यावर जात, असे अनेक घरांत दिसते. अशा वेळी दोघांचे नाते दाखवणारा कागद हवा. वडील, काका किंवा आत्याकडे वैधता प्रमाणपत्र असेल तर काम सोपे होते.

• केंद्रीय संस्थांसाठी केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र वेगळे काढा. राज्याचे प्रमाणपत्र तिथे चालेलच असे नाही.

• शाळेच्या नोंदीत धर्म किंवा जात चुकली असेल तर शाळा सोडण्यापूर्वीच दुरुस्त करून घ्या. नंतर ते किचकट होते.

• अनुसूचित जातीला नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र लागत नाही. कोणी मागितले तर नियम दाखवा.

अल्पसंख्याक दर्जाचे काय?

बौद्ध हा 1993 पासून केंद्राने अधिसूचित केलेला अल्पसंख्याक समाजही आहे. हा दर्जा धर्मामुळे मिळतो, तर अनुसूचित जातीचा दर्जा जातीच्या नोंदीमुळे. एकामुळे दुसरा जात नाही. मात्र शिष्यवृत्ती घेताना दोन्ही योजनांचे नियम वाचून एकच निवडा.

कार्यकर्त्यांसाठी

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे 65 लाख बौद्ध नोंदले गेले. अर्जात भीतीने 'हिंदू' लिहिण्याची सवय पुढे जनगणनेतही उतरते. उलट, जातीचा रकाना अभिमानाने कोरा सोडणारा विद्यार्थी हक्काची जागा गमावू शकतो. प्रवेशाच्या दिवसांत विहारात अर्ज मदत केंद्र चालवा आणि प्रत्येक मुलाला हे दोन रकाने समजावून सांगा. धम्म आणि हक्क यांपैकी एक निवडायला कायदा सांगत नाही. आपणही मुलांना तसे सांगू नये.

जय भीम! नमो बुद्धाय!