पावसाळी हवेत चढण्यासाठी कोरडा कातळ कसा ओळखावा? बोल्डरिंगला जाणाऱ्या पोरांसाठी उपयुक्त माहिती

जेऊर : दोरी न बांधता, खाली जाड गादी टाकून चार-पाच मीटर उंचीच्या दगडावर चढायचे, या खेळाला बोल्डरिंग म्हणतात. २०२१ साली पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकपासून प्रस्तरारोहण हा ऑलिंपिकमधला खेळ झाला. त्याआधी २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत बोल्डरिंगची जागतिक चषक स्पर्धाही झाली होती. जेऊर स्टेशनवरून पुण्याची गाडी मिळते, पुढे लोकलने लोणावळा गाठता येतो. त्यामुळे आपल्याकडच्या पोरांनाही सह्याद्रीचे कातळ लांब राहिलेले नाहीत. मात्र कधी ऊन, कधी सर अशा हवेत वरून कोरडा दिसणारा दगड दगा देतो. ओल्यावरून पाय सुटला की माणूस वेडावाकडा पडतो, मग खाली गादी असूनही हातपाय मोडतो.

आधी विजेचे बघावे

दगड कोरडा आहे की ओला, हा नंतरचा प्रश्न. वीज चमकल्यावर गडगडाट ३० सेकंदांच्या आत ऐकू आला, तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे असे समजावे आणि लगेच खाली उतरावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पुन्हा चढू नये. झाडाखाली, कपारीच्या तोंडाशी किंवा सुट्या दगडाच्या आडोशाला थांबू नये. पक्के घर किंवा बंद चारचाकी गाठावी. विजेच्या इशाऱ्यासाठी 'दामिनी' आणि हवामानासाठी 'मौसम' ही सरकारी ॲप मोबाईलमध्ये असावीत.

दगडाची जात ओळखा

विहिरी खोदणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. आपला सगळा भाग लाव्हारसापासून झालेल्या खडकाचा आहे, पण त्यातही प्रकार आहेत.

काळा पाषाण : घट्ट, टणक. पाणी आत फारसे शोषत नाही. सर येऊन गेल्यावर ऊन-वारा लागला तर काही तासांत वाळतो. चढायला हाच बरा.

मांजऱ्या : भोकाभोकांचा, पांढरे खडे असलेला. भोकांत पाणी धरून ठेवतो. पुन्हा पुन्हा भिजून-वाळून ठिसूळ होतो, हाताला धरलेली कड निसटून येते.

तांबडा गेरू : दोन थरांच्या मधली मऊ तांबडी पट्टी. पाणी खाली मुरत नाही म्हणून तिच्यावरच्या बाजूने झरपते. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी इथे ओल राहू शकते. अशा जागेपासून लांबच राहावे.

सोलापूरहून रेल्वेने बदामीला जाणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. बदामीचा दगड वालुकाश्म आहे. तो पाणी पितो आणि भिजल्यावर कमजोर होतो. वरून वाळलेला दिसला तरी आतून ओला असतो. पावसानंतर किमान एक दिवस आणि जोराचा पाऊस झाला असेल तर दोन-तीन दिवस थांबावे. नाहीतर धरलेला दगड तुटून चढणारा तर पडतोच, पण ती जागाही कायमची खराब होते.

कोणती बाजू आधी वाळते?

मोसमी पावसाचा वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो. त्यामुळे रिमझिमीत पूर्वेची बाजू बऱ्याचदा कमी भिजते, शिवाय सकाळचे ऊन तिलाच आधी लागते. अवकाळी आणि परतीच्या पावसाचा मात्र भरवसा नाही, तो कोणत्याही बाजूने येतो. ऑक्टोबरनंतर सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा दक्षिणेचा कातळ लवकर वाळतो. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो, त्या दिवसांत हे गणित चालत नाही.

उघड्या माळावरचा सुटा दगड वाऱ्याने लवकर वाळतो. झाडीतला आणि ओढ्याकाठचा उशिरा. पुढे झुकलेल्या कातळावर पाऊस पडत नाही, पण वरच्या भेगांतून झरपणारे पाणी दुसऱ्या दिवशीही खाली येते.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आपल्या जिल्ह्यात साधारण पाचशे ते सहाशे. म्हणून जुलैत जेऊरला ऊन आहे एवढ्यावर घाटाकडे निघू नये. उलट सप्टेंबरमध्ये आपल्याकडेच पावसाचा जोर असतो.

हात लावण्याआधी तपासणी

– रंग पाहावा. ओला भाग आजूबाजूपेक्षा काळपट दिसतो.
– भेगा, खाचा आणि वरचा माथा बघावा. बाहेरून कोरड्या दगडाच्या माथ्यावर पाणी साचलेले असते आणि शेवटचा हात तिथेच टाकायचा असतो. शक्य असेल तर मागच्या सोप्या बाजूने वर जाऊन आधी माथा पाहून यावे.
– खाचेत कोरडे फडके किंवा कागद दाबावा. ओलसर निघाला तर थांबावे.
– हाताला लावायच्या पांढऱ्या पुडीचा चिखल होत असेल तर दगड ओला आहे. जास्त पूड लावून काही होत नाही.
– मूठ आपटून आवाज ऐकावा. मडके पारखतो तसेच. भरीव वाजला तर ठीक, पोकळ वाजला तर दगड सुटलेला समजावा.
– हिरवे-काळे शेवाळ असेल तर चढू नये.
– खालची जमीन बघावी. ओल्या काळ्या मातीत गादी सरकते. बुटाचा तळ पुसल्याशिवाय दगडावर पाय ठेवू नये.
– खाचेत हात घालण्याआधी विंचू-साप बघावा. वर आग्यामोहोळ असेल तर ती जागा सोडावी.

इथे चढू नये

किल्ल्यांचे तट, बुरूज, जुनी मंदिरे आणि उजनीचे पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी जुनी बांधकामे ही चढायची जागा नाही. संरक्षित स्मारकाचे नुकसान केल्यास गुन्हा दाखल होतो. बंद पडलेल्या दगडखाणीतही जाऊ नये. सुरुंगाने तिथला दगड आतून खिळखिळा झालेला असतो आणि पावसात तो निसटतो. खासगी रानात जायचे तर मालकाला विचारूनच.

एकट्याने जाऊ नये. पडणाऱ्याला गादीवर वळवायला खाली एक-दोघे उभे असावेत. कुठे जातोय हे घरी सांगून निघावे. अपघात झाल्यास रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि इतर मदतीसाठी ११२ वर फोन करावा. मान किंवा पाठ दुखत असेल तर जखमीला उचलून बसवू नये.

दगड ओला की कोरडा याबद्दल मनात शंका असेल, तर तो ओलाच धरून चालावे आणि दुसऱ्या दिवशी यावे.